काल्पनिक राज्यातला पुजारी किती पिकवतो, किती खातो: खान्देशी जमिनीवर मांडलेलं गणित

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन गोष्ट खेळायच्या खेळासाठी गाव रचायला बसलं की आपण आधी पाटलाचा वाडा टाकतो, मग बाजार, मग खाणावळ, आणि उरलेल्या कोपऱ्यात देऊळ. देवळात एक क्लेरिक, म्हणजे मंत्र येणारा पुजारी, बसवतो. जखमी होऊन आलेल्या खेळाडूंच्या टोळीला बरं करायचं आणि नाणी घ्यायची, एवढंच त्याचं काम. बाकीचे दिवस तो काय करतो, त्याला कोण जेवू घालतं, तो आहे म्हणून गावाच्या खळ्यावरची रास वाढते की घटते, याचा विचार होत नाही. जिथे मंत्र म्हटल्यावर खरोखर पीक दुप्पट येतं, तिथे राजा आणि सावकार दोघंही पुजाऱ्याच्या मागे उभे असायला हवेत.

हे गणित कसं मांडायचं ते इथे क्रमानं सांगतो. नमुन्याला खान्देश घेतलाय: तापीकाठची काळी जमीन, पांझरेवरचे फड, सातपुड्यातले पाडे. मला जे सांगायचंय ते आधीच सांगतो. मंत्र किती ताकदीचा आहे यावर राज्याचं अर्थकारण फारसं ठरत नाही. तो यंदा कुणाच्या शिवारावर म्हणायचा, ही पाळी कोण लावतं यावर ठरतं.

आधी पुजारी वेगवेगळे करा

‘क्लेरिक’ या एका शब्दात सगळ्यांना कोंबू नका. आपल्याकडच्याच गावात पाहा. गुरव देवळाची पूजाअर्चा, दिवाबत्ती बघतो आणि खळ्यावर बलुतं घेतो. जोशी पंचांग सांगतो, मुहूर्त काढतो. तो दिवसांचा जाणकार. सातपुड्यात भगत असतो. आजार, बाधा, देवाचा कोप हे त्याच्याकडे, आणि बाकीच्या दिवसांत तो सगळ्यांसारखाच शेती करतो. मठ हा चौथा प्रकार, तिथे माणसं शिकतात, शिकवतात आणि पूर्णवेळ दुसऱ्याचं अन्न खातात.

पाचवा प्रकार विसरू नका: ज्या धर्मकार्याला तज्ज्ञ लागतच नाही. श्रावणात कानबाई (खान्देशातली घरगुती देवी) बसते तेव्हा भाऊबंदकी एकत्र येते, रोट होतात, बाया रात्रभर अहिराणी गाणी म्हणतात. सगळं घरच्यांच्या हातानं. तुमच्या राज्यातही घरगुती दैवतं अशी ठेवा. त्यांच्यावर पुजाऱ्याचा खर्च शून्य, आणि गावाला एकत्र बांधण्याचं काम मात्र मोठं.

प्रत्येक प्रकारासमोर दोन गोष्टी लिहा: तो स्वतः शेतात राबतो का, आणि त्याच्याकडे खरा मंत्र आहे का. बहुतेकांकडे नसावा. माझ्या राज्यात गुरव आणि गावजोशी साधी माणसं आहेत. पाचव्या लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे पात्राच्या तयारीची पायरी) पोचलेला पुजारी दहा हजार माणसांमागे एक.

गावाचं धान्य मोजा

आकडे गेमपुरते धरायचे आहेत, फक्त एकमेकांशी जुळले पाहिजेत. मी असे धरतो: गाव २०० माणसांचं, कसणीखाली १०० हेक्टर, कोरडवाहू ज्वारी हेक्टरी ६०० किलो, माणशी वर्षाला २५० किलो. पीक आलं ६० टन, खायला लागलं ५० टन, बियाणं साधारण १ टन. उरले ९ टन. राजाचा सारा, बलुतेदारांचा वाटा, बाजार, लग्नकार्य, सगळं या ९ टनांत.

हा ९ चा आकडा जपून ठेवा. राज्य याच्यावर चालतं, एकूण पिकावर नाही.

आता मंत्र तोला

नियम मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे घेतोय. अन्नाशी थेट संबंध असलेले दोन मंत्र.

क्रिएट फूड अँड वॉटर हा तिसऱ्या पातळीचा मंत्र (पातळी मंत्राची, लेव्हल पात्राची). एका वेळी १५ माणसांचं दिवसाचं जेवण. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट, म्हणजे तसा मंत्र दिवसातून दोनदाच म्हणता येतो, म्हणून रोज ३० माणसं. ऐकायला मोठं वाटतं, पण त्या पुजाऱ्याचे सगळे मोठे स्लॉट रोज, वर्षभर, यातच जातात. शिवाय ते अन्न बेचव असतं आणि चोवीस तासांत न खाल्लं तर खराब होतं. ते साठवता येत नाही, विकता येत नाही, बियाणं म्हणून ठेवता येत नाही, त्याच्यावर सारा बसवता येत नाही. वेढा पडलेल्या किल्ल्यात हा मंत्र अमृत आहे. एरवी अर्थव्यवस्थेत त्याला फारशी जागा नाही.

प्लांट ग्रोथ हाही तिसऱ्या पातळीचाच. तो आठ तास बसून म्हटला की अर्ध्या मैलाच्या त्रिज्येतली जमीन वर्षभर सकस होते आणि दुप्पट अन्न देते. ड्रुइडकडे, म्हणजे निसर्गाच्या मांत्रिकाकडे, तो असतो. क्लेरिकला हवा तर निसर्गाचं डोमेन (दैवताचं क्षेत्र) घ्यावं लागतं, तिथे तो पाचव्या लेव्हलला मिळतो. अर्ध्या मैलाचं वर्तुळ म्हणजे सुमारे २०० हेक्टर. त्यातून गावठाण, नाला, गायरान आणि शेजारच्या वर्तुळाशी होणारी सरमिसळ वजा केली की आपले १०० हेक्टर आरामात बसतात.

एका दिवसाचं काम, आणि ६० टनांचे १२० टन. वाढीव ६० टन म्हणजे २४० माणसांचं वर्षाचं धान्य. क्रिएट फूड अँड वॉटर म्हणणारा पुजारी वर्षभर रोज राबून ३० माणसं पोसतो, हा एका दिवसात त्याच्या आठपट. पण खरी उडी वेगळ्या ठिकाणी आहे. उरणारे ९ टन आता ६९ टन झाले. पीक दुप्पट झालं तेव्हा शिल्लक साडेसात पटींच्या वर गेली. या शिलकीवरच सैनिक, कारागीर, मठ, शहरं उभी राहतात. राजाला पुजारी का हवा असतो ते या एका ओळीत आहे.

एवढी वाढ तुमच्या जगाला झेपत नसेल तर जुन्या साडेतीनव्या आवृत्तीचा नियम घ्या. तिथे हाच मंत्र पीक एक तृतीयांशानं वाढवतो. ६० चे ८० टन होतात, शिल्लक २९ वर जाते. तीही तिप्पटच.

आजारपणाकडेही बघा. लेसर रिस्टोरेशन दुसऱ्या पातळीचा, रोग घालवतो, आणि नियमात ‘माणूस’ असं कुठेही लिहिलेलं नाही. पेरणीच्या तोंडावर बैल आजारी पडला तर त्या घराचं वर्ष जातं. माझ्या मते त्या आठवड्यात पुजाऱ्याचे दुसऱ्या पातळीचे तिन्ही स्लॉट गोठ्यात खर्च व्हायला हवेत. खेळाडूंना हे सुचत नाही, म्हणून दाखवा: रांगेत पुढे पाटलाचा ताप आलेला मुलगा आणि मागे एका विधवेचा बैल.

आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं तो मंत्र म्हणजे डिव्हिनेशन. चौथी पातळी, म्हणजे सातव्या लेव्हलचा क्लेरिक. पंचवीस सोन्याच्या नाण्यांचा धूप-नैवेद्य जळतो आणि पुढच्या सात दिवसांत घडणाऱ्या गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारता येतो. दुबार पेरणी काय असते हे ज्याच्या घरात माहीत आहे त्याला याची किंमत सांगावी लागणार नाही. मृगाचा एक सडाका येतो, लोक तिफणी जुंपतात, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं आणि बियाणं मातीत जळतं. “येत्या सात दिवसांत पेरणीजोगा पाऊस पडेल का?” एवढा एक प्रश्न. पिकाचा मंत्र एका गावालाच पुरतो, हे उत्तर मात्र दवंडी पिटली की पन्नास गावांना पुरतं. म्हणून माझ्या राज्यात सर्वांत मानाचा पुजारी हा मंत्र येणारा मोठा जोशी आहे (साधा गावजोशी नव्हे), आणि त्याचं उत्तर आधी राजाला की आधी दवंडीवाल्याला, यावर एक अख्खं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, चालू शकतं.

दिवस मोजा, मग पाळी लावा

नियमाप्रमाणे प्लांट ग्रोथ कधीही म्हणता येतो. मी त्याला हंगाम लावतो: आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) मृगापर्यंत. रान मोकळं असतं, नांगरट-वखरणी झालेली असते, पाऊस यायचा असतो. हा काळ महिना-सव्वा महिन्याचा. एक दिवस मंत्र, एक दिवस पुढच्या गावाला जायचा, असं धरलं की एका पुजाऱ्याकडून साधारण पंधरा गावं होतात.

दहा हजार माणसांमागे एक पुजारी, म्हणजे पन्नास गावांमागे एक. पंधरा गावांना मंत्र, पस्तीस गावं कोरडी. मुलखाचं एकूण उत्पादन तीस टक्के वाढलं, पण ते पंधरा शिवारांत साठलं. आता राज्यात गोष्ट आली.

आमच्या गटात मी ही यादी कार्डावर लिहून टेबलावर ठेवतो. पंधरा ओळी, प्रत्येक ओळीत गावाचं नाव आणि तिथी, खाली जाड रेघ, रेघेखाली पस्तीस नावं. पाटलाचं पात्र खेळणारा गडी एकदा कार्डावर बोट ठेवून म्हणाला, “भाऊ, मनं गाव तेरावा नंबरले काबरं शे?” (माझं गाव तेराव्या नंबरला का आहे?) तेरावा म्हणजे मृगाला अगदी खेटून, पाऊस लवकर आला तर पाळी हुकलीच. पुजारी खेळणाऱ्या मुलीनं त्याच्याकडे न बघता विचारलं, “मागच्या साली खळ्यावर मठाचं माप कोणी उणं भरलं?” पुढचे दोन तास लढाई झाली नाही, आणि कुणाला ती आठवलीही नाही.

पुजाऱ्याला पगार कशातून?

इथे थांबून विचार करा, कारण पाळी कशी लागेल हे पोटापाण्याच्या सोयीवर ठरतं.

पिकाचा वाटा दिला तर पुजारी चांगल्या जमिनीकडे धावणार. तापीकाठच्या काळ्या रानात हेक्टरी वाढ जास्त, म्हणून त्याचा वाटाही जास्त. सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड गावाला तो शेवटी जाईल, किंवा जाणारच नाही. त्याच्या मनात खोट असायची गरज नाही, रीतच त्याला तिकडे ढकलते.

इनाम जमीन दिली तर त्याचं पोट स्वतःच्या शेतावर. मग तो कुणाचा मिंधा नाही, पण बाहेर पडायची घाईही नाही. पहिला मंत्र तो स्वतःच्या इनामावर म्हणेल. शेजाऱ्यांची रानं त्याच वर्तुळात येत असल्यामुळे इनामाच्या आसपासच्या जमिनीचा भाव चढेल. जमिनीच्या खरेदी-विक्रीची कारस्थानं इथून काढा.

तिसरी रीत खान्देशातच दगडावर कोरलेली आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव (योगी चांगदेव ते वेगळे) यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोईदेवानं त्याला उत्पन्न लावून दिलं. त्या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजाराचा हिशेब आहे: पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला, आणि तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल. म्हणजे ग्रहगणित शिकवणाऱ्या माणसांचा दिवा तेल्याच्या घाण्यावर जळत होता. ज्या मठाचं पोट पेठेवर आहे त्याला पेठ चालायला हवी असते. असा पुजारी मंत्राची पाळी लावताना बाजाराला माल आणणारी गावं आधी घेईल, रस्त्यावरचे दरोडेखोर हटवायला तुमच्या टोळीला नाणी देईल, आणि धान्याचा भाव फार पडणार नाही याचीही काळजी करेल.

भाव पडणं हा खरा धोका आहे. नियमपुस्तकात एक पौंड गहू एका तांब्याच्या नाण्याला. त्या भावानं ६० टन म्हणजे सुमारे १,३२० सोन्याची नाणी, आणि ती एका दिवसाच्या कामाची. कुशल कारागिराची रोजची मजुरी तिथे २ सोन्याची नाणी आहे. पण पंधरा गावांचं वाढीव धान्य एकदम पेठेत आलं तर तो भाव राहणार नाही. मग मार बसतो पस्तीस कोरड्या गावांना: पीक नेहमीइतकंच, आणि भाव निम्मा. ती गावं मंत्राला शाप म्हणू लागली तर त्यांचं चुकत नाही.

फडाची युक्ती

यावर तोड मला पांझरेच्या फड पद्धतीत सापडते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि भिजणारं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात एक पीक, आणि दरसाल पिकांची फिरती. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसते, वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असते. पाणी देतो पाटकरी, राखण करतो जागल्या, वर देखरेखीला हवालदार. पाणी कमी असेल त्या साली भिजणारं क्षेत्रच कमी करतात आणि तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. कुणी पाटाच्या तोंडाशी आहे म्हणून त्याचं भलं आणि शेवटी आहे म्हणून वाळवण, असं होत नाही.

पुजाऱ्याला पाटकऱ्याच्या जागी बसवा. मंत्र म्हणजे पाणी. पन्नास गावांचे चार गट करा आणि दरसाल एका गटाला मंत्र. पंधराची ताकद आहे आणि गट बारा-तेरा गावांचा आहे, म्हणजे दोन-तीन पाळ्या हाताशी राहतात, आगीत किंवा पुरात बुडालेल्या गावांसाठी. पुजाऱ्याला सगळी पन्नास गावं थोडं थोडं बलुतं देतात, मंत्र मिळाला त्या सालीही आणि नाही मिळाला त्या सालीही. मग कुणाला आधी घ्यावं याचा मोह राहत नाही. याला मोडणारा राजा, याच्यात स्वतःचं गाव दोनदा घुसवणारा सरदार, हिशेब ठेवणारा प्रामाणिक हवालदार: खलनायक आणि नायक इथून आपोआप मिळतात.

सण आणि कामाचे दिवस

पुजारी जसा उत्पादन वाढवतो तसा दिवस खातोही. गावात २० बैलजोड्या, जोडी दिवसाला दोन एकर पेरते. १०० हेक्टर म्हणजे साधारण २५० एकर, सहा-सात दिवसांचं काम. काळ्या जमिनीत वापसा (पेरणीजोगी ओल) असतो तेवढ्याच दिवसांत ते उरकायचं. त्या आठवड्यात पुजाऱ्यानं एक दिवस काम बंद ठेवलं तर गावाची सहावा हिस्सा पेरणी लांबली. आखाजी रिकाम्या रानात येते, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा खरीप घरात आल्यावर, सातपुड्यातले आदिवासींचे भोंगऱ्या बाजार होळीच्या आधी. तुमचं पंचांग करताना सण आधी ठरवू नका. आधी शेतीची कामं लिहा आणि मोकळ्या जागांत सण बसवा. एखादा परका धर्म राजानं लादला असेल तर त्याचा मोठा उपास नेमका पेरणीत टाका. बंडाचं कारण शोधत बसावं लागणार नाही.

यात्रेचं उत्पन्न वेगळं लिहा. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्त आहे, म्हणून यात्रा आहे, आणि यात्रा आहे म्हणून घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो. दुरून घोडा घेऊन निघणाऱ्याला गिऱ्हाईक कधी आणि कुठे जमेल हे आधीपासून ठाऊक असतं. तारीख पक्की ठेवण्याचं हे काम पुजारी एकाही मंत्राशिवाय करतो.

आखाजीचा आणखी एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. खान्देशात सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं) साल, म्हणजे वर्षाची मजुरी, आखाजीला ठरतं. पीक दुप्पट येणार असेल तर कापणी-मळणीला, कणग्या भरायला माणसंही जास्त लागणार. मंत्राच्या पाळीची यादी आखाजीच्या आधी जाहीर झाली तर यादीतल्या गावांत सालदार जास्त साल मागतील आणि मिळवतील. नंतर जाहीर झाली तर सगळी वाढ मालकाच्या घरात. यादी चार दिवस पुढे ढकलायला एखादा मोठा शेतकरी पुजाऱ्याला काय देऊ करेल? आणि सालदारांपैकी कुणी ती यादी आधीच चोरून आणायला तुमच्या टोळीला किती देईल?

शेवटी दुष्काळ टाकून बघा

गणित उभं राहिलं की एका सालचा पाऊस निम्मा करा. कोरड्या गावात ३० टन आले, मंत्राच्या गावात ६०. पंधरा गावांचे ९०० आणि पस्तीस गावांचे १,०५० मिळून १,९५० टन. खायला हवेत २,५००. तूट ५५० टन, आणि ती मंत्रानं भरून निघत नाही. सगळी पंधरा गावं शिल्लक देऊन टाकतील तरी नाही. क्रिएट फूड अँड वॉटर तीसच माणसं पोसतो, त्याचा इथे टेकूही लागत नाही.

मागचं साल चांगलं असेल तर तेव्हा शिल्लक किती होती ते काढा: पंधरा गावांचे ६९ प्रमाणे १,०३५ आणि पस्तीस गावांचे ९ प्रमाणे ३१५, एकूण १,३५० टन. त्यातले निम्मे जरी पेवांत आणि मठाच्या कोठारात राहिले असतील तरी मुलूख तगतो. विकून टाकले असतील, राजानं फौजेवर उडवले असतील, तर माणसं गाव सोडून निघतात. म्हणून तुमच्या देवळाच्या नकाशात गाभाऱ्याइतकंच कोठार नीट काढा: किती टन मावतं, दाणा किती साल टिकतो, आणि घुशी लागल्या तर कोण बघतं. किल्ल्या पुजाऱ्याकडे, पाटलाकडे की दोघांकडे एकेक, हे सेशन (खेळाची बैठक) सुरू होण्याआधी लिहून ठेवा. दुष्काळ पडला की खेळाडू पहिल्या अर्ध्या तासात तेच विचारतात.